अमेरिकन सीपीए: नोकरी सांभाळून रिव्ह्यू कोर्स कुठला घ्यावा? (नाशिक)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी अंबडला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत अकाउंट्सला आहे, पुणे विद्यापीठाचं बी.कॉम., मग एम.कॉम., जीएसटी, टीडीएस, बँक सगळं माझ्याकडेच. अमेरिकन सीपीए, म्हणजे तिकडचं सीएसारखं लायसन्स, करायचं बरेच दिवस मनात आहे, आता घरूनही हो आलंय. पण कोर्स कुठला घ्यायचा इथेच गाडी अडलीये. एकीकडे बेकर, ग्लाइम, यूवर्ल्ड, सर्जंट ही अमेरिकेतली नावं, दुसरीकडे आपल्याकडचे क्लासवाले, जे मटेरियल प्लस लाइव्ह लेक्चर प्लस इव्हॅल्युएशन (आपली डिग्री तिकडच्या मापात मोजून घेणं) प्लस प्लेसमेंट असं पॅकेज सांगतात, आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. काल एका काउन्सेलरचा फोन होता, आज रात्री बारापर्यंत पैसे भरले तर डिस्काउंट, उद्या नाही म्हणाले. माझ्या हातात रोज संध्याकाळी साडेसातनंतर दोन तास असतात, रविवारी थोडे जास्त. कोणी केलंय का? कुठला घेतलात आणि कशावरून ठरवलंत ते सांगा, सविस्तर लिहिलंत तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.

सातपूरकर

ताई, आधी एक विचारतो, राग मानू नका. सीपीए कशासाठी? कारण भारतात ऑडिट रिपोर्टवर सही चालते ती चार्टर्ड अकाउंटंट्स ॲक्ट १९४९ खाली मेंबर असलेल्या सीएचीच. सीपीए घेऊन तुम्हाला शरणपूर रोडला ऑफिस टाकून टॅक्स ऑडिटवर सह्या करता येणार नाहीत. माझ्या ओळखीतल्या दोघांनी हे नीट न विचारता पैसे भरले म्हणून लिहितोय.

गोदाकाठ

राग कसला, बरं झालं विचारलंत. मला प्रॅक्टिस करायचीच नाहीये. अमेरिकन क्लायंटचं अकाउंटिंग, टॅक्स, ऑडिट सपोर्ट करणारी ऑफिसं पुण्या-मुंबईला आहेत, काही ठिकाणी घरून काम मिळतं, तिकडे जायचंय. सीएचा विचार केला होता, पण आर्टिकलशिप आता दोन वर्षांची झाली तरी ती दोन वर्षं स्टायपेंडवर काढणं मला घर बघता शक्य नाही. सीपीएला अनुभव लागतो पण तो नोकरीतला चालतो असं वाचलंय.

ताळेबंद

मग ठीक आहे, कारण स्पष्ट असलं की पुढचं सोपं. मी अमेरिकन क्लायंटच्याच कामात आहे आणि सीपीए नोकरीत असतानाच केलं, आता ऑफिसातल्या ज्युनिअर मुलांना याच प्रश्नावर सांगत असतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिली गोष्ट, कोर्सचे पैसे आत्ता भरू नका. आधी इव्हॅल्युएशन. परीक्षा एआयसीपीए म्हणजे तिथल्या सीपीएंची संस्था तयार करते, अर्ज नि स्कोअर वगैरे व्यवहार नॅस्बा म्हणजे राज्यांच्या बोर्डांची संघटना बघते, प्रोमेट्रिकच्या सेंटरवर ती होते आणि लायसन्स मात्र देतं त्या त्या राज्याचं बोर्ड. पन्नासावर बोर्डं, प्रत्येकाचे नियम वेगळे. कुणाला बसायला १२० क्रेडिट (कॉलेजच्या अभ्यासाचं तिकडचं माप) पुरतात, लायसन्सला २०२५ पर्यंत बहुतेक ठिकाणी १५० लागायचे, आता बरीच राज्यं दुसरा मार्गही देतात, काही राज्यं अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी नंबर मागतात जो आपल्याकडे नसतो, काहींना अकाउंटिंगच्या विषयांची ठराविक क्रेडिट हवी असतात. आपलं एक वर्ष साधारण ३० क्रेडिट धरतात पण तुमच्या मार्कशीटवरचे विषय बघूनच खरा आकडा कळतो. नॅस्बाची स्वतःची आंतरराष्ट्रीय इव्हॅल्युएशन सेवा आहे, ती घ्या. तो कागद हातात येईपर्यंत कुठला क्लासवाला "तुमचं होऊन जाईल मॅडम" म्हणाला तर त्याला एवढंच विचारा, कुठल्या राज्यात आणि किती क्रेडिट कमी पडले तर ब्रिज कोर्सचे पैसे कोण देणार.

दुसरी गोष्ट नावाची. पुणे विद्यापीठाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर क्रम निराळा, आणि लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललं असेल तर आणखीच निराळा. इव्हॅल्युएशनच्या अर्जात, परीक्षेच्या अर्जात सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव लिहायचं, लग्नाचं सर्टिफिकेट किंवा गॅझेट जोडायचं. पासपोर्ट का, तर भारतातल्या सेंटरवर आत जाताना तोच दाखवावा लागतो. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून निघायला वेळ लागतो, आधी नाशिकच्या उपकेंद्रात विचारून घ्या, मग पुण्याची चक्कर ठरवा.

हे सगळं होईपर्यंत जो वेळ जातो त्यात कोर्सची ट्रायल घ्यायची. ते उद्या लिहितो, आज ऑफिसात क्लोजिंग आहे.

मखमलाबाद

ताळेबंद दादांचं पटलं. पण माझं मत लाइव्ह क्लासच्या बाजूने आहे. मी सध्या ऑडिटचा पेपर करतोय, आपल्याकडच्याच एका संस्थेचा लाइव्ह बॅच घेतलाय, शनिवार-रविवार. कारण असं की रेकॉर्डेड लेक्चर मी लावायचो आणि बघून झालं की झालं असं वाटायचं. लाइव्हमध्ये सर मध्येच नाव घेऊन विचारतात, त्यामुळे तयारी करून बसावंच लागतं. शिवाय अमेरिकन टॅक्सचा आपल्याला गंधही नसतो, तिथे कोणीतरी मराठी-हिंदीत उलगडून सांगितलं तर डोक्यात बसतं. माझी बायको बँकेत आहे, तिचं म्हणणं की वीकेंडला घरातली कामं कोण करणार, पण आम्ही वाटून घेतलंय.

जमाखर्च

लाइव्हला ना नाही, पण काय मिळणार हे लेखी घ्या. माझ्या भावाच्या बाबतीत झालेलं सांगते. मुंबईतली एक संस्था, नाव लिहीत नाही. फोनवर सांगितलं "पास होईपर्यंत ॲक्सेस". पैसे भरले, ते पण ईएमआयवर, म्हणजे प्रत्यक्षात एका फायनान्स कंपनीचं कर्ज त्याच्या नावावर चढलं आणि रक्कम एकदम संस्थेला गेली. मधे त्याची बदली झाली, अभ्यास थांबला, परत सुरू करायला गेला तर प्रश्नसंचाचा ॲक्सेस संपलेला, पास होईपर्यंत जे होतं ते फक्त रेकॉर्डेड लेक्चरला. प्रश्नसंच नव्याने चालू करायला वेगळे पैसे. हप्ते मात्र चालूच, कारण कर्ज कर्जाच्या जागी. सिबिल खराब होऊ नये म्हणून त्याने ते भरले सगळे.

म्हणून विचारायचं ते असं. प्रश्नसंच कोणत्या तारखेपर्यंत. नवीन कायदा आला तर अपडेट फुकट की पैसे देऊन. चारही पेपर एकदम घ्यावे लागतात की एक घेता येतो. मधे सोडलं तर परतावा किती. फोनवर सांगितलेली किंमत १८ टक्के जीएसटी धरून की वगळून. आणि इव्हॅल्युएशन फी, परीक्षा फी त्यात आहे का, कारण परीक्षा फी डॉलरमध्ये असते आणि अमेरिकेबाहेर पेपर दिला की दर पेपरला आंतरराष्ट्रीय सेंटरची वेगळी फी पडते, ती काउन्सेलर बहुधा शेवटी सांगतात. उत्तरं ईमेलवर मागा. जो ईमेलवर लिहून देतो त्याच्याशीच पुढे बोला. रात्री बारावाला डिस्काउंट तर विसराच, पुढच्या महिन्यात परत तोच फोन येतो.

गोदाकाठ

जमाखर्च ताई, हे सगळं मी वहीत उतरवून घेतलंय. ईएमआय म्हणजे कर्ज हे मला खरंच कोणी बोललं नव्हतं.

ताळेबंद

आता कोर्स.

परीक्षा कशी आहे ते आधी डोळ्यासमोर आणा. जानेवारी २०२४ पासून नवी रचना आहे. तीन पेपर सगळ्यांना, ऑडिट, एफएआर म्हणजे फायनान्शियल अकाउंटिंग, आणि रेग म्हणजे टॅक्स आणि बिझनेस लॉ. चौथा तुमच्या पसंतीचा, बीएआर (बिझनेस ॲनालिसिस आणि रिपोर्टिंग), आयएससी (सिस्टम आणि कंट्रोल) किंवा टीसीपी (टॅक्स प्लॅनिंग) यातला एक. प्रत्येक पेपर चार तासांचा, पास व्हायला ७५ चा स्कोअर. निगेटिव्ह मार्किंग नाही. एफएआरमध्ये ५० एमसीक्यू आणि ७ सिम्युलेशन, आणि मार्क निम्मे-निम्मे. म्हणजे जो कोर्स फक्त एमसीक्यूवर जोर देतो तो तुमचा अर्धा पेपर सोडून देतोय.

लेक्चर कुठल्याही कोर्सचं चांगलंच असतं हो. डेमोला लेक्चरच दाखवतात म्हणून आपण त्यावरून ठरवतो. मी ट्रायलमध्ये बघायला सांगतो ती गोष्ट वेगळी. एक प्रश्न मुद्दाम चुकवायचा आणि खाली आलेलं स्पष्टीकरण वाचायचं.

उदाहरण घ्या. कंपनीने मागच्या वर्षी एका वापरातल्या मशीनचं इम्पेअरमेंट, म्हणजे किंमत घटल्याचं नुकसान दाखवलं, यंदा त्या मशीनची किंमत परत वाढली, तर किती रक्कम रिव्हर्स करायची? आपल्याकडे शिकलेला माणूस पटकन रिव्हर्सलचं गणित मांडतो, कारण आपल्या स्टँडर्डमध्ये गुडविल सोडलं तर ते चालतं. यूएस गॅपमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या अकाउंटिंग नियमांत, वापरात ठेवलेल्या असेटचं रिव्हर्सल चालत नाही, उत्तर शून्य. आता एक कोर्स खाली लिहितो, "बरोबर उत्तर अ, कारण रिव्हर्सलला परवानगी नाही". झालं, एक ओळ. दुसरा कोर्स ब, क, ड या तिन्ही पर्यायांतला आकडा कुठून आला ते दाखवतो, म्हणजे ब कोणाला येईल, ज्याने घसारा न धरता रिव्हर्स केलं त्याला, क कोणाला येईल, ज्याने घसारा धरून केलं त्याला, आणि विकायला काढलेल्या असेटला नियम वेगळा आहे हेही तिथेच सांगतो. दमून घरी आल्यावर रात्री नऊ वाजता शेजारी विचारायला कोणी नसतं, तेव्हा हे स्पष्टीकरण हाच तुमचा मास्तर. असे वीस-पंचवीस प्रश्न दोन-तीन कोर्सच्या ट्रायलमध्ये सोडवा, आपोआप कळेल कोणाचं लिहिणं तुम्हाला समजतं.

आपल्या लोकांची दांडी कुठे जाते ते पण माहीत असू द्या. एलआयएफओ (शेवटी आलेला माल आधी गेला असं धरणं) आपण बी.कॉम.ला गणितापुरता शिकतो कारण आपल्या स्टँडर्डमध्ये तो नाही, तिकडे चालतो. डेव्हलपमेंटचा खर्च आपल्या इंड एएस स्टँडर्डमध्ये अटी पूर्ण झाल्या तर असेटला जातो, तिकडे साधारणपणे थेट खर्चात. आणि सरकारी अकाउंटिंग, फंड, मॉडिफाइड ॲक्रुअल, हे तर आपण आयुष्यात पाहिलेलं नसतं. ट्रायलमध्ये हाच धडा उघडा. ओळखीचा धडा उघडून बघितलात तर सगळेच कोर्स छान वाटतील.

सातपूरकर

हे उत्तम लिहिलंत. सिम्युलेशन म्हणजे नेमकं काय ते पण सांगा ना, आम्हा बाहेरच्यांना पण कळेल.

ताळेबंद

सांगतो. स्क्रीनवर पाच-सहा कागद उघडता येतात. कंट्रोलरचा मेल, पुरवठादाराचं इनव्हॉइस, बिल ऑफ लेडिंग (माल ट्रान्सपोर्टरला दिल्याचा कागद), गोदामाची पावती, लेजरचा उतारा. एका बाजूला तक्ता, त्यातले रकाने तुम्ही भरायचे. समजा विचारलंय की ३१ डिसेंबरचा स्टॉक दुरुस्त करा. एका मालाचं इनव्हॉइस २९ डिसेंबरचं, माल गोदामात आला ३ जानेवारीला. धरायचा की नाही? इनव्हॉइसवर उत्तर नाही, मेलमध्ये कंट्रोलर म्हणतो "आला नाही म्हणून धरला नाही". उत्तर बिल ऑफ लेडिंगवर, एफओबी शिपिंग पॉइंट असेल आणि ३० तारखेला ट्रान्सपोर्टरच्या ताब्यात गेला असेल तर माल आपला, धरायचा. एफओबी डेस्टिनेशन असेल तर नाही. असे सहा-सात व्यवहार, प्रत्येकात एखादा कागद दिशाभूल करणारा.

अंबडला डिस्पॅच आणि स्टोअरच्या लोकांशी रोज डोकं लावणाऱ्या माणसाला हे जमतं, ताई तुम्हाला तर नक्की जमेल. पण हात बसायला कोर्समध्ये भरपूर सिम, म्हणजे अशी सिम्युलेशन, हवेत, तेही परीक्षेसारख्या स्क्रीनवर. आणि एआयसीपीएची स्वतःची सँपल टेस्ट त्यांच्या साइटवर फुकट आहे, ब्लूप्रिंट पण फुकट आहे, ज्यात कुठल्या भागाला किती वजन ते दिलंय. कोर्स घ्यायच्या आधी ती सँपल टेस्ट एकदा उघडून बघाच.

कॅनडाकॉर्नर

ब्रँडबद्दल कोणी लिहीत नाहीये म्हणून मी लिहिते, माझा अनुभव आणि मैत्रिणींचा मिळून. मला ऑफिसने बेकर दिलं. त्याची शिस्त फार चांगली, आज हे मॉड्यूल, उद्या ते, शेवटी मॉक परीक्षा, आणि सिम भरपूर. ज्याला स्वतःचं वेळापत्रक करायला जमत नाही त्याला ते उपयोगी. किंमत मात्र जास्त, आणि लेक्चर सगळी ऐकत बसलात तर नोकरीवाल्याचा जीव जातो. मी नंतर नंतर पुस्तक वाचून थेट प्रश्नांना जायचे. मैत्रिणीने यूवर्ल्ड घेतलं, तिचं म्हणणं उत्तरांचं स्पष्टीकरण फार नेटकं, तक्ते-आकृत्यांसकट, ताळेबंद म्हणतायत तसं. ग्लाइमचा प्रश्नसंच मोठा आणि प्रश्न अवघड, ऑडिटसाठी मी वरून तो वापरला. सर्जंट तुमची आधी चाचणी घेऊन जे येत नाही तेच पुढे करत जातं, त्यामुळे ज्याचा पाया पक्का आहे आणि वेळ कमी आहे त्याला बरं. यूएस गॅप पहिल्यांदाच बघणाऱ्याला मी सर्जंट एकटंच घ्या असं सांगणार नाही, मधले दुवे सुटतात.

गोदाकाठ, तुझ्यासाठी मी बेकर किंवा यूवर्ल्ड यात ट्रायल घेऊन ठरव म्हणेन.

पाथर्डीफाटा

माझ्याकडे सीपीएची पुस्तकं आहेत, चुलत भावाने दुबईला असताना घेतली होती, कोरी आहेत जवळपास. बीईसी, ऑडिट, एफएआर, रेग असा पूर्ण सेट. ताईंना हवी तर देतो, पैसे नकोत.

ताळेबंद

पाथर्डीफाटा, मन मोठं आहे तुमचं. पण बीईसी हा पेपर डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाला, तेव्हा हा सेट जुन्या रचनेचा. त्यातलं एफएआर संकल्पना समजायला चालेल, रेग मात्र अजिबात नको. टॅक्सचे आकडे आणि नियम बदलतात, शिवाय जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत मोठा नवा टॅक्स कायदा झालाय. कोर्सवाल्याला हे पण विचारायचं, रेग आणि टीसीपीचं मटेरियल या कायद्यानंतर सुधारलंय का, आणि मी ज्या तिमाहीत पेपर देणार त्या तिमाहीत कुठला कायदा विचारला जाणार. ज्याला हे झटकन सांगता येतं तो कामाचा.

गोदाकाठ

पाथर्डीफाटा दादा, एफएआरचं पुस्तक मी नक्की घेईन, रविवारी फोन करते.

आता माझी खरी अडचण. लाइव्ह बॅच मला मखमलाबाद दादांसारखा जमेल का याची शंका आहे. दर महिन्याला ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ-ईएसआयसी, २० ला ३बी. या तारखांच्या आदल्या दोन दिवसांत मी घरी साडेनऊशिवाय येत नाही, आणि मला सांगितलेला बॅच रात्री आठचा आहे. सप्टेंबरला टॅक्स ऑडिट, मार्च-एप्रिल तर विचारूच नका. रेकॉर्डिंग मिळतं म्हणतात, पण एक सुटलं की दुसरं साठतं.

ताळेबंद

तुमच्या बाबतीत सगळं याच्यावर ठरायला हवं. स्ट्रक्चर्ड कोर्स म्हणजे त्यांचं वेळापत्रक, आणि ते अमेरिकेतल्या कॉलेजमधून नुकत्याच निघालेल्या मुलाच्या दिवसावर बसवलेलं असतं. कोर्सच्या प्लॅनरमध्ये सुट्टीचे दिवस टाकता येतात का बघा. ५ ते ७, ९ ते ११ आणि १८ ते २० या तारखांना फक्त अर्धा तास जुने चुकलेले प्रश्न, नवीन काही नाही. नवा धडा २१ ते महिनाअखेर आणि १ ते ४. रविवारी सिम, कारण सिमला सलग वेळ लागतो, तुकड्यात होत नाहीत. असं बसवलं की महिन्यात खरे किती तास निघतात ते मोजा आणि मगच पेपरची तारीख. चारही पेपर मिळून ३०० ते ४०० तास असं सर्वसाधारण सांगतात, अमेरिकन टॅक्स पहिल्यांदा बघणाऱ्याने वरचा आकडा धरावा, किंबहुना थोडा जास्तच.

घाई नाही. एक पेपर पास झाल्यावर बाकीचे संपवायची मुदत पूर्वी १८ महिने होती, बऱ्याच राज्यांनी ती ३० केलीये. राज्य निवडताना हे बघा, नोकरीवाल्याला हा फरक फार मोठा आहे.

पेपरांचा क्रम, एफएआर आधी. सगळ्यात मोठा, आणि ऑडिटला त्याचा पाया लागतो. २०२४ मध्ये एफएआरचा निकाल ४० टक्क्यांच्या आसपास होता, तेव्हा त्याला मान द्या. मग ऑडिट, मग रेग, आणि रेग ताजं असतानाच टीसीपी. टीसीपीचा निकाल सत्तर टक्क्यांच्या वर असतो म्हणून सगळे तिकडे धावतात, पण तो पेपर देणारे बरेच जण अमेरिकेत टॅक्समध्येच काम करणारे असतात हे लक्षात ठेवा. तुम्हाला टॅक्सचं काम नको असेल तर एफएआरच्या पाठोपाठ बीएआर करता येईल, अवघड आहे पण कामात उपयोगी. सिस्टम ऑडिट आवडत असेल तर आयएससी. चौथ्या पेपरची खिडकी तिमाहीत एकदाच उघडते, बाकी तिघांसारखी कायम नसते, तेव्हा तारीख उलटी मोजत या.

यावरून निघतं काय, की चारही पेपरचं दोन वर्षांचं पॅकेज तुम्हाला आत्ता नको. आत्ता फक्त एफएआर घ्या. बहुतेक अमेरिकन कोर्स एकेक पेपर विकतात. सुटं घेतलं तर एकूण महाग पडतं हे खरं, पण एफएआर संपेपर्यंत तुम्हाला कळलेलं असेल की हा कोर्स तुमच्या डोक्याला आणि तुमच्या २० तारखेला मानवतो का.

मखमलाबाद

दादा, बाकी सगळं बरोबर, पण रेगसाठी लाइव्ह घ्यावं या मतावर मी अजून ठाम आहे. वाचून बेसिस (टॅक्ससाठी धरायची गुंतवणुकीची किंमत), पार्टनरशिपचं आऊटसाइड बेसिस हे असं बसत नाही. मला तर दोनदा समजावून घ्यावं लागलं.

ताळेबंद

मान्य. रेगचा एकट्याचा लाइव्ह बॅच मिळत असेल तर तो घेऊन वर प्रश्नसंच दुसऱ्याचा, असं चालेल. ऑक्टोबरनंतरच्या बॅचला बसल्या तर टॅक्स ऑडिटचं ओझं पण उतरलेलं असेल.

देवळालीकर

मी भारतीय सीए आहे, मग सीपीए केलं. एक खुलासा करून ठेवतो कारण कोणीतरी विचारेलच, आपल्या सीएला अमेरिकन परीक्षेत एकाही पेपरची माफी नाही, सगळे चार द्यावे लागतात. क्रेडिट मोजताना मात्र फायदा होऊ शकतो.

परीक्षा २०२० पासून भारतात देता येते, नाहीतर पूर्वी लोक दुबईला जायचे. नाशिकला सेंटर नाही, आपल्याला मुंबई. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघून त्याच दिवशी पेपर असा बेत कोणी करू नका. पावसाळ्यात कसारा घाटात गाडी थांबली की काही करता येत नाही, आणि उशीर झाला तर फी गेली. आदल्या दिवशी जा, सेंटरचा रस्ता बघून या, जवळच मुक्काम करा. पेपरमध्ये तिसऱ्या टेस्टलेटनंतर (पेपरच्या तिसऱ्या भागानंतर) पंधरा मिनिटांचा ब्रेक मिळतो जो वेळेत धरत नाहीत, तो घ्याच, डबा खा, पाणी प्या. टेस्टलेट एकदा बंद केली की मागे जाता येत नाही. एफएआरला ५० एमसीक्यू सव्वा तासात उरकायचे, म्हणजे सात सिमना प्रत्येकी साधारण तेवीस मिनिटं उरतात. आणि हीच वेळ लावून मॉक देता येते का हे पण कोर्समध्ये बघायची गोष्ट आहे. घरी मॉक देताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, घरच्यांना चार तास हाक मारू नका म्हणून सांगा. आमच्याकडे शेजारी लग्न होतं म्हणून मी गंगापूर रोडच्या अभ्यासिकेत लॅपटॉप घेऊन बसलो होतो, तेही बरं पडलं.

गोदाकाठ

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. इव्हॅल्युएशनचा अर्ज गेलाय, ट्रान्सक्रिप्टचं काम चालू आहे. उपकेंद्रात आधी विचारलं त्यामुळे पुण्याची एक चक्कर वाचली. नावाचं तुम्ही म्हणालात तसंच निघालं, पासपोर्टवर सासरचं नाव आणि मार्कशीटवर माहेरचं, लग्नाचं सर्टिफिकेट जोडलं.

दोन कोर्सच्या ट्रायल घेतल्या, सरकारी अकाउंटिंगचाच धडा उघडला. एकाचं लेक्चर इतकं छान होतं की मी तेच घेणार होते, पण प्रश्न सोडवायला लागले तर स्पष्टीकरणात नुसते नियमांचे नंबर. दुसऱ्याचं लेक्चर साधं, पण उत्तराखाली जर्नल एन्ट्री मांडून दाखवलेली, एन्कम्ब्रन्स (ऑर्डर दिली की बजेटातून राखून ठेवायची रक्कम) म्हणजे काय ते मला तिथेच कळलं. मी यूवर्ल्डचा फक्त एफएआर घ्यायचं ठरवलंय. काउन्सेलरना जमाखर्च ताईंचे प्रश्न ईमेल केले होते, दोघांनी फोन केला, एकानेच लिहून उत्तर दिलं. रेगच्या वेळी त्या लिहून देणाऱ्यांचाच लाइव्ह बॅच घेईन बहुतेक.

आता एकच शंका. परीक्षेचा अर्ज आत्ताच करून ठेवू का, म्हणजे तारीख समोर असली की अभ्यास होतो असं सगळे म्हणतात?

ताळेबंद

छान केलंत. अर्ज इव्हॅल्युएशन आलं की करा, पण फी भरून नोटीस टू शेड्यूल (सीट बुक करायची परवानगी) काढायची घाई नको. ती बहुतेक राज्यांत सहा महिनेच चालते, आणि त्यात पेपर दिला नाही तर फी परत मिळत नाही. आधी एफएआरचे पहिले चार-पाच धडे तुमच्या खऱ्या महिन्यात, ७ ते २० च्या तारखांसकट, करून बघा. किती वेगाने होतंय ते कळलं की मग नोटीस काढा आणि त्याच आठवड्यात मुंबईची सीट बुक करा, महिनाअखेरच्या शनिवारची मिळाली तर उत्तम. फक्त एफएआरचीच काढा, दोन पेपरची एकदम नको.

जमाखर्च

आणि फी क्रेडिट कार्डाने भरणार असाल तर कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार चालू आहे का आणि फॉरेक्स मार्कअप किती ते बँकेला आधी विचारा. भावाचं पेमेंट त्यावरूनच दोनदा फेल झालं होतं.

पाथर्डीफाटा

ताई, पुस्तक काढून ठेवलंय. रविवारी अकरानंतर कधीही या, फाट्यावर आलात की फोन करा, मी खाली घेऊन येतो.